कायदा अंमलात आला, पण त्याची प्रत कुठे आहे?

या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. कायदा संमत झाल्याची बातमी येते, तो लागू झाल्याचेही कळते, पण त्याचा अधिकृत मजकूर हाती लागायला दिवस, आठवडे आणि काही वेळा महिने जातात. पत्रलेखकांत वकील आहेत, विद्यार्थी आहेत, व्यापारी आहेत आणि न्यायालयाची पायरी कधी न चढलेले नागरिकही आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी तालुका न्यायालयात वकिली करतो. संसदेने केलेला एक सुधारणा अधिनियम राष्ट्रपतींच्या संमतीच्या दिवसापासूनच लागू झाला आहे, असे प्रतिपक्षाच्या वकिलांनी न्यायालयाला सांगितले. त्या वेळी माझ्याकडे प्रत नव्हती आणि आमच्या वकील संघाच्या ग्रंथालयातही ती आलेली नव्हती. मजकूर कोणाच्याच हाती नव्हता, त्या दिवसांतील कृत्यासाठी माझ्या पक्षकारावर हा कायदा बंधनकारक ठरतो का?

उत्तर : आधी नियम सांगतो. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७, ज्याला आपण वकील मंडळी जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो, त्याच्या कलम ५ नुसार केंद्रीय अधिनियमात प्रारंभाची वेगळी तारीख दिलेली नसेल, तर राष्ट्रपतींची संमती मिळते त्या दिवशी तो अंमलात येतो. त्याच कलमातील पोटकलम (३) असे सांगते की, प्रारंभाच्या आदला दिवस संपताक्षणी अधिनियम लागू झाला असे समजावे. म्हणजे राष्ट्रपतींनी सायंकाळी स्वाक्षरी केली, तरी कायदा त्या दिवसाच्या पहिल्या क्षणापासून, स्वाक्षरीच्याही कित्येक तास आधीपासून लागू झालेला असतो. राजपत्रातील प्रसिद्धी ही त्यानंतरची पायरी आहे. महाराष्ट्राच्या विधानमंडळाने केलेल्या अधिनियमांना मात्र १९०४ चा राज्याचा वाक्खंड अधिनियम लागू होतो आणि त्यानुसार संमती राजपत्रात प्रथम प्रसिद्ध होते तो दिवस प्रारंभाचा धरला जातो. राज्याचा हा नियम मला अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात अंमल आणि प्रसिद्धी या दोन गोष्टी निदान एका तारखेला बांधलेल्या आहेत.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व आपण पहिल्या वर्षापासून ऐकत आलो आहोत. पण या तत्त्वाच्या पोटात एक अट आहे आणि ती सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात स्पष्ट शब्दांत मांडली. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयक कायदा केला होता. तो कोणत्याही राजपत्रात छापला गेला नाही आणि अन्य मार्गानेही लोकांपर्यंत पोहोचवला गेला नाही. पुढे १९३८ मध्ये त्यात एक दुरुस्ती करून, तो १ सप्टेंबर १९२४ पासून अंमलात आला आहे, असे वाक्य जोडण्यात आले. या कायद्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला आणि दंडाच्या त्या लहान रकमेवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. जो कायदा लोकांना कळण्याचा मार्गच ठेवलेला नाही, त्याच्या भंगाबद्दल शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही आणि निदान ओळखता येईल अशा काही रीतीने कायदा जाहीर व्हायला हवा, असे सांगून त्यांनी दोषसिद्धी रद्द केली. मंत्र्यांच्या दालनात संमत झालेला आणि तिथेच राहिलेला कागद हा नागरिकांसाठी कायदा ठरत नाही, ही या निकालाची शिकवण आहे.

तथापि, केवळ या निकालावर विसंबून राहू नका, असे मी आपल्याला कळकळीने सांगेन. राजपत्रात प्रसिद्धी झालेली असेल, तर ती प्रत्यक्ष आपल्या पक्षकारापर्यंत पोहोचली नाही एवढ्याने बचाव होत नाही. याचे ठळक उदाहरण १९६२ चे आहे. रिझर्व्ह बँकेची ८ नोव्हेंबरची एक अधिसूचना २४ नोव्हेंबरला राजपत्रात आली. तिच्यामुळे भारतातून पुढे जाणाऱ्या विमानातील सोन्याची नोंदही विमानाच्या मालसूचीत करणे आवश्यक झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी एक जर्मन नागरिक झुरिकहून मनिलाला निघाला आणि २८ नोव्हेंबरला सांताक्रूझ विमानतळावर त्याच्या अंगावर चौतीस किलो सोने सापडले. झुरिकमधील माणसाला ही अधिसूचना कळणे जवळजवळ अशक्य होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, पण सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याला दोषी धरले. भारतात राजपत्रात झालेली प्रसिद्धी पुरेशी आहे, परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला ती कळली असली पाहिजे असे नाही, हे बहुमताचे मत होते. न्या. सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. बहुमताने शिक्षा भोगलेल्या काळापुरती मर्यादित केली, हेही नमूद करायला हवे. इंग्लंडमध्येही असा एक जुना खटला आहे. मे १७९९ मध्ये झालेला कायदा माहीत असणे शक्य नसताना एका जहाजाच्या कप्तानाने पुढच्याच महिन्यात दूर समुद्रावर त्या कायद्याखालचा गुन्हा केला. न्यायाधीशांनी त्याला दोषी धरले, पण माफी मिळावी अशी शिफारसही केली. अन्याय होतो आहे हे त्यांना दिसत होते. तो दूर करण्याचे साधन मात्र त्यांनी न्यायालयाबाहेर शोधले.

तेव्हा आपल्या प्रकरणात संमतीची तारीख, राजपत्रातील प्रसिद्धीची तारीख आणि कृत्याची तारीख या तिन्ही कागदोपत्री निश्चित करा. कृत्य संमतीच्या आधीचे असेल आणि प्रकरण फौजदारी असेल, तर कृत्याच्या वेळी अंमलात नसलेल्या कायद्याखाली शिक्षा करण्यास मनाई करणारा संविधानाचा अनुच्छेद २०(१) आपल्या पाठीशी आहे. ते संमती आणि प्रसिद्धी यांच्या मधल्या दिवसांतील असेल, तर १९५१ च्या निकालातील तत्त्व पूर्ण ताकदीने मांडा. ते प्रसिद्धीनंतरचे असेल, तर बंधनकारकतेचा मुद्दा सोडून शिक्षेच्या किंवा विलंबमाफीच्या टप्प्यावर ही परिस्थिती न्यायालयापुढे ठेवा.

एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एका अपिलात मुदतीचा मुद्दा मांडत होतो. माझ्या हातातले पुस्तक आदल्या वर्षीचे होते आणि मुदतीचा आकडा मधल्या काळात बदललेला होता. विरुद्ध बाजूच्या ज्येष्ठ वकिलांनी राजपत्राची छायाप्रत काढून न्यायाधीशांपुढे ठेवली. देशात अंमलात असलेल्या सर्व कायद्यांची न्यायालयाने स्वतःहून न्यायिक दखल घ्यायची असते, असे पुराव्याचा कायदा सांगतो, पण त्या दिवशी ती छायाप्रत नसती तर त्या दालनात बसलेल्या कोणालाही बदल ठाऊक झाला नसता. माझ्या पक्षकाराने रोजंदारी बुडवून त्या तारखेला हजेरी लावली होती. त्याला मी काय समजावून सांगितले ते मला आजही नीट आठवते.

प्रश्न : मी आयातीचा लहान व्यवसाय करतो. शुल्कवाढीची अधिसूचना रात्री संकेतस्थळावर येते, पण तिच्यावर त्याच दिवसाची तारीख असते. सकाळी कागदपत्रे दाखल केलेल्या मालाला वाढीव दर लागतो का?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलेले आहे आणि ते आपल्या बाजूचे आहे. पाकिस्तानातून येणाऱ्या मालावरील सीमाशुल्क २०० टक्के करणारी अधिसूचना १६ फेब्रुवारी २०१९ रोजी रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी ई-राजपत्रावर चढवण्यात आली. काही आयातदारांनी अटारी येथे त्याच दिवशी त्याआधी आपली आयात-विवरणे सादर केलेली होती. अधिसूचनेवर १६ तारीख आहे, म्हणून ती पूर्ण दिवसाला लागू होते, असा शासनाचा युक्तिवाद होता. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाने तो अमान्य केला. ई-राजपत्रावर मजकूर नेमका किती वाजता प्रसिद्ध झाला याची नोंद सेकंदापर्यंत राहते. त्यामुळे छापील राजपत्राच्या काळातील ‘दिवस’ हे माप इथे धरून चालणार नाही आणि प्रसिद्धीच्या क्षणाआधी पूर्ण झालेल्या व्यवहाराला नवा दर लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

हे लक्षात असू द्या की, हा निकाल अधिसूचनेबाबतचा आहे. अधिनियमांसाठी वर सांगितलेला ‘आदला दिवस संपताक्षणी’ हा नियम कायम आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्राची छपाई थांबवून केवळ ई-राजपत्राचा मार्ग स्वीकारला, त्यामुळे वेळेची नोंद आता उपलब्ध असते. आपण जेव्हा एखादी अधिसूचना उतरवून घ्याल, तेव्हा तिच्यावरील प्रसिद्धीची वेळ दाखवणारी डिजिटल स्वाक्षरीही जपून ठेवा.

प्रश्न : मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संगणकाच्या काळात कायदा संमत झाल्याबरोबर तो सर्वांना मिळायला हवा. मग उशीर नेमका होतो कुठे?

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण उशीर बहुतेकांना जिथे वाटतो तिथे तो फारसा होत नाही. दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या विधेयकात स्वीकृत दुरुस्त्या समाविष्ट करून अधिकृत प्रत तयार होते, ती संमतीसाठी जाते आणि संमतीनंतर केंद्रीय अधिनियम बहुधा एक-दोन दिवसांत भारताच्या असाधारण राजपत्रात, भाग दोन, विभाग एकमध्ये येतो. भारतीय न्याय संहितेला २५ डिसेंबर २०२३ रोजी संमती मिळाली आणि त्याच तारखेच्या राजपत्रात ती प्रसिद्ध झाली. खरा उशीर त्यानंतर सुरू होतो आणि त्याची रूपे निरनिराळी असतात.

पहिले रूप नियमांचे. आजकालच्या अधिनियमात ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द इतक्या ठिकाणी येतात की, नियम प्रसिद्ध होईपर्यंत अर्जाचा नमुना कोणता, शुल्क किती, सक्षम अधिकारी कोण, यांपैकी काहीच कळत नाही. अधिनियम निदान सभागृहात उघडपणे चर्चिला जातो, वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येतात. नियम, आदेश आणि अधिसूचना एखाद्या विभागात शांतपणे तयार होतात. म्हणून त्यांची प्रसिद्धी अधिक काटेकोर हवी, असे न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी १९८७ च्या एका निकालात बंगळूरच्या विकास आराखड्यासंदर्भात सांगितले. प्रत्यक्षात नेमकी हीच कागदपत्रे शोधायला सर्वांत अवघड असतात.

दुसरे रूप माझ्या मते त्याहून गंभीर आहे आणि ते म्हणजे सुधारित मजकुराचे. सुधारणा अधिनियम वाचून पाहा. ‘मूळ अधिनियमाच्या अमुक कलमातील, पोटकलम (२) मध्ये, “तीस दिवस” या मजकुराऐवजी “साठ दिवस” हा मजकूर दाखल करण्यात येईल’, अशी त्याची भाषा असते. हा कागद राजपत्रात आला म्हणजे प्रसिद्धीची कायदेशीर गरज भागते. पण मूळ अधिनियम, त्यानंतरच्या दहा-बारा सुधारणा आणि हा ताजा कागद एकत्र मांडून आज लागू असलेले वाक्य तयार करण्याचे काम नागरिकावर येऊन पडते. ते काम वेळेत आणि अधिकाराने करणे ही विधिविधानाचीच शेवटची पायरी आहे, असे मानले जात नाही, हे या उशिराचे मूळ कारण आहे. विधेयक तयार करणाऱ्या विभागाला पुढचे विधेयक वाट पाहत असते, राजपत्र काढणाऱ्या कार्यालयाची जबाबदारी आलेला मजकूर प्रसिद्ध करण्यापुरती असते, आणि एकत्रित मजकूर मधल्या मोकळ्या जागेत राहून जातो.

याचा परिणाम किती दूर जातो हे दाखवणारी दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. इंग्लंडमध्ये २००८ साली तंबाखूच्या तस्करीचा एक खटला अपील न्यायालयात आला. आरोपीविरुद्ध ६६,१२० पौंडांच्या जप्तीचा आदेश झालेला होता. अभियोग पक्ष, बचाव पक्ष आणि खालचे न्यायालय या सर्वांनी १९९२ च्या विनियमांचा आधार घेतला होता. अपिलाचा निकालही लिहून तयार होता आणि तो जाहीर होण्याच्या थोडे आधी एका सरकारी वकिलाच्या लक्षात आले की, तंबाखूच्या बाबतीत ते विनियम २००१ मध्येच बदललेले आहेत. सात वर्षे ही गोष्ट त्या न्यायालयांच्या ध्यानात आली नव्हती. न्या. टूलसन यांनी निकालात अतिशय खेदाने नोंदवले की, ज्या न्यायालयांनी कायद्याचा अर्थ लावायचा त्यांनाच तो प्रत्यक्षात सापडत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९३३ मध्ये तेल उद्योगासाठी केलेल्या संहितेत सप्टेंबर महिन्यात एका आदेशाने बदल झाला आणि त्या बदलात एक संपूर्ण परिच्छेद नजरचुकीने गळला. उत्पादनमर्यादा ओलांडणे हा संहितेचा भंग ठरवणारा परिच्छेद तोच होता. खालच्या न्यायालयांत त्यावर वाद चालला, पण तो परिच्छेद अस्तित्वातच नाही हे कोणाच्या लक्षात आले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे जाताना ते उघड झाले. त्या काळी तिथे अशा आदेशांसाठी एकच अधिकृत राजपत्र नव्हते, कोणता आदेश कोणत्या कार्यालयात आहे हे चौकशी करूनच कळत असे. या अनुभवानंतर जुलै १९३५ मध्ये ‘फेडरल रजिस्टर’चा कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी त्याचा पहिला अंक निघाला. आपण विद्यार्थी आहात, म्हणून हे दोन्ही निकाल मुळातून वाचाच. कायदा शोधणे हे कारकुनी काम आहे अशी समजूत असेल, तर ती या वाचनाने दूर होईल.

प्रश्न : केंद्राचे नवे कायदे मराठीत केव्हा मिळतात? इंग्रजी न वाचणाऱ्या माणसावर इंग्रजी मजकूर बंधनकारक कसा?

उत्तर : संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसद अन्यथा तरतूद करीपर्यंत, अधिनियम, नियम आणि आदेश यांचा प्राधिकृत पाठ इंग्रजी आहे. हिंदी पाठाची सोय राजभाषा अधिनियमाने केली आणि इतर भाषांसाठी १९७३ मध्ये प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियम झाला. राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला मराठी अनुवाद या अधिनियमामुळे त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जातो. महाराष्ट्रात हे अनुवादाचे काम भाषा संचालनालयाकडे आहे. उणीव अशी की, अनुवाद किती दिवसांत झाला पाहिजे याची मुदत १९७३ च्या अधिनियमात घातलेली नाही आणि अनुवाद आला नाही म्हणून कायद्याचा अंमल थांबतही नाही. विधी अनुवाद हे घाईने उरकण्याचे काम नव्हे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. एका शब्दाची निवड चुकली तर हक्क बदलतो. पण म्हणूनच ते विधेयकाच्या मसुद्याबरोबर सुरू व्हायला हवे, संमतीनंतर नव्हे.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने याबाबतीत घेतलेली भूमिका आपल्याकडच्या चर्चेत यायला हवी असे मला मनापासून वाटते. चेक प्रजासत्ताक १ मे २००४ रोजी संघात सामील झाले, तेव्हा संघाचे अनेक विनियम चेक भाषेत संघाच्या अधिकृत राजपत्रात प्रसिद्ध झालेले नव्हते. वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीला अशाच एका विनियमाच्या आधारे दंड झाला. विनियम इंटरनेटवर होता, इतर भाषांत उपलब्ध होता, व्यावसायिकाने तो शोधून वाचायला हवा होता, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये तो नाकारला आणि सांगितले की, सदस्य राष्ट्राच्या अधिकृत भाषेत रीतसर प्रसिद्ध न झालेली बंधने तिथल्या व्यक्तींवर लादता येत नाहीत. आपल्याकडे असा नियम नाही. मात्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(४) मध्ये, स्वतःहून प्रकट करायची माहिती स्थानिक भाषा विचारात घेऊन प्रसारित करावी, असे स्पष्ट म्हटलेले आहे. मराठी पाठाची मागणी करताना या कलमाचा आधार जरूर घ्यावा.

प्रश्न : राजपत्र शोधण्यापेक्षा बाजारातले बेअर ॲक्टचे, म्हणजे केवळ कायद्याचा मजकूर छापलेले, पुस्तक किंवा एखादे खासगी संकेतस्थळ वापरले तर काय बिघडते?

उत्तर : रोजच्या कामासाठी ते सगळेच वापरतात, मीही वापरतो. पण निर्णय ज्याच्यावर अवलंबून आहे असे वाक्य राजपत्राशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले. त्यानंतर सहा वर्षांनीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने तीव्र आश्चर्य व्यक्त केले. त्या वेळचे ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी दिलेले स्पष्टीकरण विचार करायला लावणारे आहे. छापील अधिनियमात कलमाचा मजकूर तसाच राहतो आणि ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत असते. ठाण्यातला अधिकारी कलम वाचतो, तळटीप वाचत नाही, असे त्यांनी सांगितले. माणसांना अटक होण्याइतके गंभीर परिणाम केवळ मजकुराच्या मांडणीतून होऊ शकतात, हे यावरून दिसते.

खासगी प्रकाशकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. शासनाने जे काम वेळेवर केले नाही ते अनेकदा त्यांनीच केले. मात्र प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मधील एक तरतूद वाचकांना माहीत असावी. राजपत्रातील अन्य मजकूर कोणीही पुनर्मुद्रित करू शकतो, पण विधानमंडळाचा अधिनियम छापायचा असेल तर त्यासोबत भाष्य किंवा अन्य मूळ मजकूर असला पाहिजे, अशी अट त्यात आहे. नागरिकांनी स्वतःच कायद्याचा स्वच्छ, अद्ययावत मजकूर तयार करून विनामूल्य वाटायचा म्हटले, तरी ही अट वाटेत येते. ती काढून टाकली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जॉर्जिया राज्याच्या बाबतीत तर अधिकृत संहितेला जोडलेल्या टिपांवरही राज्याचा प्रताधिकार नाही, असा निर्णय दिला.

‘इंडिया कोड’ या शासकीय संकेतस्थळावर केंद्र आणि राज्यांचे अधिनियम एकत्र पाहायला मिळतात आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. फक्त ताज्या सुधारणेचा समावेश झाला आहे का, हे सुधारणा अधिनियमाचा क्रमांक आणि वर्ष घेऊन तपासावे.

प्रश्न : इतर देशांत प्रसिद्धी आणि अंमल यांत काही अंतर ठेवतात का?

उत्तर : अनेक देशांत ठेवतात आणि त्यामागचा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये १७९३ पर्यंत संसदेचा कायदा, वेगळी तारीख नसेल तर, त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून लागू झाला असे मानत. म्हणजे कायदा व्हायच्या कित्येक आठवडे आधीपासून. त्या वर्षीच्या कायद्याने संमतीची तारीख अधिनियमावर नोंदवायला सुरुवात झाली. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने तर अंतराचाच हिशेब केला: राजधानीच्या विभागात कायदा एका दिवसाने लागू होई आणि इतर विभागांत दर दहा मिरियामीटरला, म्हणजे शंभर किलोमीटरला, आणखी एक दिवस मिळे. घोड्यावरून बातमी जाण्याचा वेळ कायद्याने मान्य केला होता. आज फ्रान्समध्ये सर्वसाधारणपणे प्रसिद्धीच्या दुसऱ्या दिवशी, जर्मनीत वेगळी तारीख नसेल तर प्रसिद्धीनंतरच्या चौदाव्या दिवशी आणि इटलीत पंधराव्या दिवशी कायदा लागू होतो. इटलीच्या संविधान न्यायालयाने १९८८ मध्ये आणखी पुढे जाऊन, टाळता येणे शक्य नव्हते असे अज्ञान फौजदारी कायद्यात बचाव ठरू शकते, असे मान्य केले.

ब्रिटनच्या १९४६ च्या कायद्यातील तरतूद मला आपल्याकडे आणावीशी वाटते. एखादे नियमपत्र, म्हणजे कायद्याखाली शासनाने केलेले नियम, भंगाच्या तारखेला शासनाने प्रसिद्ध केलेले नव्हते, हा तिथे आरोपीचा बचाव होऊ शकतो. लोकांना ते कळावे म्हणून योग्य उपाय योजले होते, हे दाखवण्याची जबाबदारी अभियोग पक्षावर येते. ओझे ज्याच्या हाती छापण्याचे साधन आहे त्याच्यावर टाकलेले आहे. आपल्याकडेही इच्छा असेल तेव्हा अवधी दिला जातो. न्याय संहितेसह तिन्ही नवे फौजदारी कायदे प्रसिद्ध झाले डिसेंबर २०२३ मध्ये आणि लागू झाले १ जुलै २०२४ पासून. हा अवधी सर्व अधिनियमांना किमान काही दिवसांपुरता तरी, सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ५ मध्येच दुरुस्ती करून, हक्काने मिळाला पाहिजे.

प्रश्न : संमत झालेला कायदा लागूच झालेला नसेल तर? आणि सामान्य नागरिकाने मजकूर मागायचा कोणाकडे?

उत्तर : ‘केंद्र शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास’ हे शब्द अधिनियमाच्या पहिल्या कलमात असतील, तर ती अधिसूचना शोधल्याशिवाय कायदा लागू आहे असे गृहीत धरू नये. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या संविधान दुरुस्तीतील प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयीचे कलम ३ आजही लागू केलेले नाही आणि ते लागू करण्याचा आदेश शासनाला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये नकार दिला. १९९५ चा दिल्ली भाडे अधिनियम संमती मिळूनही अंमलात आणला गेला नाही. काही वेळा एकच कलम मागे ठेवले जाते. न्याय संहितेचे कलम १०६ (२) प्रारंभाच्या अधिसूचनेतून असेच वगळण्यात आले होते. पुस्तकात हे सगळे मजकूर एकाच ठशात छापलेले असतात.

मजकुराच्या मागणीसाठी माहितीच्या अधिकाराचे कलम ४ हा भक्कम आधार आहे. आपल्या कामकाजाचे नियम, विनियम आणि सूचना प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रकट करायच्या असतात. एका विधी विद्यार्थ्याला एका जुन्या केंद्रीय अधिनियमाची वाचता येईल अशी प्रतच संकेतस्थळावर मिळेना, तेव्हा त्याने याच कलमाखाली केंद्रीय माहिती आयोगाकडे दाद मागितली होती, आणि प्रश्न पुढे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जाऊन केंद्रीय अधिनियम अद्ययावत स्वरूपात उपलब्ध करण्याचे निर्देश निघाले. प्रसिद्ध न केलेल्या नियमाच्या जोरावर कोणी अडवणूक करीत असेल, तर त्या नियमाची प्रत तिथल्या तिथे मागा. व्हिएन्ना विमानतळावर २००५ मध्ये एका प्रवाशाला टेनिसच्या रॅकेटींसह विमानातून उतरवण्यात आले होते आणि मनाई असलेल्या वस्तूंची यादी ज्या परिशिष्टात होती ते प्रसिद्धच केलेले नव्हते. युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ते परिशिष्ट व्यक्तींवर बंधनकारक नाही असे ठरवले.

आपला अर्ज संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. त्यात अधिनियमाचे नाव, क्रमांक आणि वर्ष लिहून प्रारंभाच्या अधिसूचनेची प्रत, त्याखालील नियमांची प्रत आणि आजपर्यंतच्या सुधारणांसह एकत्रित मजकूर मागा. मराठी पाठ तयार नसेल तर तो सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, याच्या नोंदीही मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि ते आले नाही, तर त्यापुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते.